सत्तर हजार कोटी भागिले शून्य पॉइंट एक

परवा फॅमिली ग्रुपवर परत ती क्लिप आली. कुठल्यातरी न्यूज चॅनेलवरच्या चर्चेचा दीड मिनिटाचा तुकडा, स्क्रीनवर आठ चौकटी, सात जण एकदम बोलतायत आणि आठव्या चौकटीत ‘राजकीय विश्लेषक’ अशी पट्टी लावलेले एक गृहस्थ बोट नाचवत सांगतायत की सिंचनाचे सत्तर हजार कोटी खाल्ले आणि सिंचन वाढलं किती, तर ०.१ टक्का, आणि हे मी नाही सरकारचाच अहवाल सांगतोय. त्याखाली कुणीतरी आणखी तीन ओळी चिकटवल्यात: सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीने त्या काळचे जलसंपदा मंत्री अजित पवार यांना दोषी ठरवलं, मग सत्तेत गेल्यावर त्यांना क्लीन चिट मिळाली, आणि मीडिया नसता तर हे बाहेरच आलं नसतं. आमच्या काकांनी वर लिहिलंय, ‘प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचा’.

वाचलं काका. २०१२ पासून वाचतोय. आणि आधीच सांगतो, मी कुणाची वकिली करत नाहीये. आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी टेलला, शेवटच्या टोकाला आहे. तिथे पाणी येणार येणार म्हणून माझे आजोबा गेले, आता वडील दर हंगामात पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरतात आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावतात, आणि चारीत पाण्यापेक्षा वेडी बाभूळच जास्त आहे. त्यामुळे सिंचनात घोटाळा झाला नाही असं म्हणायची सोयच नाही मला. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, की एवढा मोठा विषय या लोकांनी दोन आकड्यांवर आणून ठेवला, ते दोन्ही आकडे चुकीच्या पद्धतीने वापरले, आणि ज्यांना सुटायचं होतं त्यांना सुटायला दार उघडून दिलं.

तर पहिलं, सत्तर हजार कोटी खाल्ले.

हा आकडा खाल्लेल्या पैशांचा नाहीये हो. साधारण दहा वर्षांत राज्यात सिंचनावर जो एकूण खर्च झाला तो सत्तर हजार कोटींच्या घरात, असा तो आकडा आहे. त्यात धरणाच्या भिंती आहेत, कालवे आहेत, भूसंपादन आहे. सगळेच्या सगळे खाल्ले म्हणजे दहा वर्षांत राज्यात एक पाटी सिमेंट पडलं नाही असं म्हणायला लागेल, आणि ते तर आमच्या चारीला बघूनही खोटं ठरतं, कारण चारी आहे, नुसतं पाणी नाही. ज्या मुख्य अभियंत्यांनी, विजय पांढरे यांनी, २०१२ साली मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्रं लिहून हा विषय पेटवला, ते स्वतः त्यातले साधारण ३५ हजार कोटी वाया गेले असं म्हणत होते. म्हणजे आरोप करणारा, खात्याच्या आतला माणूस अर्धे म्हणतोय आणि स्टुडिओत बसलेला पूर्ण म्हणतोय. आता अर्धे म्हणजे काय थोडे झाले का? पण नाही, पट्टीवर सत्तर चांगलं दिसतं.

आणि हा आकडा इतका घोटून घोटून वापरला की पुढे तो कशालाही चिकटायला लागला. २७ जून २०२३ ला पंतप्रधान भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीवर बोलले तेव्हा सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांची गोष्ट होती, त्यात राज्य सहकारी बँक होती, सिंचन होतं, खाणकाम होतं, अशी यादी होती. संध्याकाळच्या चर्चेत यादी गायब आणि परत सत्तर म्हणजे सिंचन. त्यानंतर पाचच दिवसांनी, २ जुलैला, अजित पवारांचा भाजपसोबतच्या सरकारात शपथविधी झाला आणि तेच विश्लेषक त्याच खुर्च्यांवर बसून ‘मास्टरस्ट्रोक कुणाचा’ यावर बोलत होते.

दुसरं, सिंचन फक्त ०.१ टक्का वाढलं, सरकारच सांगतं.

हे मात्र नीट बघायला हवं, कारण इथे खरी गंमत आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक तक्ता होता. एकूण पिकाखालच्या क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्र २००१-०२ ला १७.८ टक्के आणि २००९-१० ला १७.९ टक्के. झालं, वजाबाकी केली, ०.१ आलं, ब्रेकिंग न्यूज. आता तीन गोष्टी. एक तर १७.८ वरून १७.९ म्हणजे ०.१ टक्क्याची वाढ नव्हे, टक्केवारीतला फरक आहे तो, पण ते जाऊ द्या, तेवढं बारीक कोण बघतो. दुसरं म्हणजे या तक्त्यात फक्त धरणं-कालवे नाहीत, विहिरींचं पाणीसुद्धा आहे, आणि महाराष्ट्रात अर्ध्याहून जास्त बागायत विहिरीवर आणि बोअरवर चालते हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणजे विहिरी आटल्या तरी तो आकडा खाली येणार. आणि तिसरं म्हणजे २००९ हे दुष्काळाचं साल होतं, देशभरात मान्सून सरासरीच्या २२ टक्के कमी पडला होता. दुष्काळाचं साल शेवटाला पकडून वाढ मोजायची म्हणजे पोरगं तापाने फणफणलेलं असताना त्याचं वजन करायचं आणि म्हणायचं वर्षभर खाऊ घातलेलं वाया गेलं.

मग सरकारने काय केलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढली आणि त्यात म्हटलं की ०.१ नाही, ५.१७ टक्के वाढ झाली. आता दोन्ही आकडे मोजायची पद्धत वेगळी, भाजक वेगळा. इथे एखाद्या अँकरने नुसतं एवढं विचारलं असतं की साहेब ‘सिंचन क्षमता निर्माण झाली’ म्हणजे काय आणि ‘प्रत्यक्ष भिजलं’ म्हणजे काय, तर अर्धा घोटाळा तिथल्या तिथे लोकांना कळला असता. कारण कागदावर आमचं शेत भिजलेलंच आहे! चारी खोदली की तिच्याखालचं क्षेत्र क्षमतेत धरलं जातं. वरच्या गावांनी ऊस लावून पाणी ओढलं, वितरिकेचं, म्हणजे छोट्या कालव्याचं, अस्तरीकरण फुटलं, गेटच नाही, या कशाने क्षमता कमी होत नाही. वडील म्हणतात आपण कागदोपत्री बागायतदार आहोत. पण चॅनेलवर काय चाललं, ०.१ विरुद्ध ५.१७, सत्ताधारी प्रवक्ता विरुद्ध विरोधी प्रवक्ता, आणि मध्ये अँकर ‘देशाला उत्तर हवंय’. देशाला राहू द्या, आमच्या टेलला हवं होतं.

तिसरं, चितळे समितीने दोषी ठरवलं.

आणि याचंच जुळं भावंड, चितळे समितीने निर्दोष ठरवलं. २०१४ ला मी दोन्ही बातम्या एकाच संध्याकाळी ऐकल्यात, रिमोटचं एक बटण दाबायचा अवकाश. डॉ. माधव चितळे यांची ती समिती ३१ डिसेंबर २०१२ ला नेमली गेली. चितळे म्हणजे केंद्रात जलसंपदा सचिव राहिलेले, १९९३ चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालेले, त्यांचा अभ्यास कुणी काढू शकत नाही. पण ती समिती म्हणजे कोर्ट नव्हतं आणि पोलिसही नव्हते. किंमती का वाढल्या, नियम कुठे मोडले, कामं कशी झाली हे तपासायचं तिचं काम होतं. तिने अनियमितता दाखवल्या, अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. मंत्र्याला दोषी ठरवणं किंवा निर्दोष सोडणं यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. पण अहवाल जाडजूड, वाचायला वेळ लागतो, आणि रात्री नऊला पॅनेल बसवायचंय, मग काय, दोषी की निर्दोष, हो किंवा नाही मध्ये सांगा.

या समितीचं एकच दृश्य टीव्हीमुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलंय, २०१३ ला औरंगाबादला देवेंद्र फडणवीस आणि विनोद तावडे बैलगाडीतून पुरावे घेऊन गेले ते. बैलगाडी सगळ्यांनी दाखवली. बैल दाखवले, गठ्ठे दाखवले, गर्दी दाखवली. त्या गठ्ठ्यातला एक कागद उघडून ‘हे बघा यात असं लिहिलंय’ असं सांगणारा एक कार्यक्रम मला तरी आठवत नाही.

आणि कागदात होतं की भरपूर! हे बघा, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटी होती ती २००९ साली काही महिन्यांत २६,७२२ कोटी झाली. चौपट. याला खात्यात ‘सुप्रमा’ म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. आता किंमत वाढणं हाच गुन्हा नव्हे, जमिनीचे भाव वाढतात, दरसूची बदलते, आराखडा बदलतो. पण काही महिन्यांत चौपट? गोसीखुर्द घ्या, १९८३ ला ३७२ कोटींचा प्रकल्प, १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि किंमत पुढे १८ हजार कोटींच्या वर गेली. तिथल्या डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा दर्जा इतका वाईट निघाला की त्यावर वेगळी चौकशी लावावी लागली.

पैसा कसा जातो हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तालुक्याच्या गावी कुठल्याही छोट्या ठेकेदाराला कटिंग पाजावी आणि विचारावं, तो दहा मिनिटांत सांगतो. निविदा काढायच्या आधीच अंदाजपत्रक फुगवायचं. काम मिळाल्यावर काम सुरू करायची आगाऊ रक्कम, म्हणजे मोबिलायझेशन अॅडव्हान्स उचलायचा. मग क्लॉज ३८, म्हणजे निविदेतल्यापेक्षा परिमाण वाढलं की त्याचे वाढीव पैसे. मग ईआयआरएल, म्हणजे निविदेत नसलेली जादा बाब घुसवायची आणि तिचा नवीन दर मंजूर करून घ्यायचा. मुरूम लागेल म्हणून धरलं होतं, खडक लागला. खडक खरंच लागला का हे एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, लिहिणारा आणि सही करणारा, दोघांनाच माहीत. हे सगळं ‘सुप्रमा’, ‘क्लॉज ३८’, ‘एमबी’ मराठीत आहे हो, खात्याच्या मराठीत, आणि कुठल्याच चर्चेत एकदाही हे शब्द मी ऐकले नाहीत. ऐकलं काय, तर ‘काका-पुतण्या’.

चौथं, सत्तेत गेल्यावर क्लीन चिट मिळाली.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा तो शपथविधी झाला. २५ तारखेला एसीबीने, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने, सिंचनाच्या नऊ चौकशा बंद केल्या आणि सगळीकडे लाल पट्टी, अजित पवारांना क्लीन चिट. संध्याकाळपर्यंत एसीबीच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच सांगितलं की या नऊ प्रकरणांचा अजित पवारांशी संबंध नाही. म्हणजे ती बातमी चुकीची होती. पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही, आणि इथेच विश्लेषकांनी आपल्याला खरं फसवलं. २७ नोव्हेंबरच्या तारखेचं एसीबीचं एक शपथपत्र हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं, त्यात खरोखरच म्हटलं होतं की विदर्भ महामंडळाचा अध्यक्ष म्हणून यंत्रणेच्या कामाची जबाबदारी अजित पवारांवर येत नाही. आणि त्याच एसीबीने त्याच कोर्टात बरोबर वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सांगितलं होतं की शासन कार्यनियमावलीच्या नियम १०(१) प्रमाणे खात्याच्या कामाला मंत्री जबाबदार असतो.

एकच खातं, एकच कोर्ट, एका वर्षात उलटं म्हणणं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीने वाचून दाखवायला किती वेळ लागला असता? वीस मिनिटं, ब्रेक धरून. पण डिसेंबरात हे शपथपत्र बाहेर आलं तोवर सरकार बदललेलं, सगळे मंत्रिमंडळ विस्ताराच्या मागे, आणि ‘क्लीन चिट’ची बातमी तर आधीच चालवून झालेली. चुकीची बातमी आधी चालवली की खऱ्या बातमीला जागाच उरत नाही, शिळी वाटते ती. तसंही क्लीन चिट नावाची गोष्ट कुठल्या कायद्यात नाही, शपथपत्र म्हणजे एका बाजूचं म्हणणं, निकाल नव्हे.

पाचवं, मीडिया नसता तर हे बाहेर आलं नसतं. याला फार वेळ देत नाही. पांढरे खात्यात नोकरीत असताना लिहीत होते, नागपूरला जनमंच या संघटनेने जनहित याचिका केली, कोंढाणे धरणाचं प्रकरण कार्यकर्त्या अंजली दमानियांनी माहिती अधिकारात काढलं, आणि छापील पेपरांच्या काही वार्ताहरांनी खरंच घाम गाळला, त्यांना सलाम. रात्री नऊची पॅनेलं नंतर आली, जेवायला.

आणि शेवटी काकांना एक विचारायचंय, कारण त्यांना आकडे आवडतात. ज्या तक्त्यातून तो ०.१ निघाला, त्या तक्त्याचं पुढे काय झालं माहितीये का? त्यानंतरच्या आर्थिक पाहणी अहवालांत वर्षानुवर्षं सिंचनाच्या टक्केवारीच्या जागी ‘उपलब्ध नाही’ एवढंच छापून यायला लागलं. आधी त्यांचं सरकार, मग यांचं सरकार, रकाना तसाच. ०.१ वर शेकडो तास चर्चा केलेल्यांपैकी कितीजण त्या रिकाम्या रकान्यावर बोलले?

आमच्या घरी मात्र उपलब्ध आहे. वडील खताच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत पाणी कधी आलं ते लिहून ठेवतात. २०१६ ला एक आवर्तन, म्हणजे पाण्याची एक पाळी, तेही रात्री दोनला, चार तास. २०१८ ला कोरं. २०१९ ला पावसाचंच पाणी चारीतून वाहिलं तर त्यांनी ते लिहून समोर कंसात ‘धरू नये’ असं लिहिलंय.