वाचनं मी निवडत नाही, काका

काका, सप्रेम नमस्कार. सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

तुमची प्रतिक्रिया रागाची होती, पण मुद्द्याची होती. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधली जी ठरलेली वाचनं रोज होतात त्यांच्यावर मी इथे लिहिते, त्याला काकांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, या काळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, येशू सांगतो की दार लावून प्रार्थना करा, आणि मी रोज चव्हाट्यावर मांडते. दुसरा, मनात डोकावून स्वतःची पापं बघायच्या काळात मी मजुरी, ठेकेदार, वीटभट्ट्या असले बाहेरचे विषय काढते. 'हा प्रायश्चित्तकाळ आहे, युनियनची सभा नव्हे', हे काकांचं वाक्य. (वाक्य झकास आहे.) तिसरा, शास्त्राचा अर्थ सांगणं हे फादरांचं काम, माझ्यासारखीचं नाही.

तिसऱ्याचं आधी उरकते. तुमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि बाकांवरची मंडळी तोवर रोझरी (जपमाळ) ओढत बसायची. ते दिवस दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, संपवले. १९६५ साली त्याच परिषदेने सगळ्या श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचायला सांगितलं, आणि सांगताना संत जेरोमचा दाखला दिला की शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. मी धर्मसिद्धांत मांडत नाही, तो माझा प्रांत नाही. सकाळी ऐकलेलं वाचन संध्याकाळी भाजी चिरताना डोक्यात जिथे अडलेलं असतं, तेवढंच लिहिते.

आता दार लावण्याबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तो सहावा अध्याय दानधर्म, प्रार्थना आणि उपवास यांचं प्रदर्शन मांडणाऱ्यांबद्दल आहे. मी काय सोडलं, किती दिलं, किती वेळ गुडघे टेकले, याची एक ओळ माझ्या लिखाणात दाखवा. आणि त्या दिवशीचं पहिलं वाचन तुम्ही सोडून दिलंत. ते जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचं आहे. सियोनात कर्णा वाजवा, उपवास जाहीर करा, लोकांना गोळा करा, म्हातारे आणा, अंगावर पिणारी पोरंसुद्धा आणा, असं योएल म्हणतो. तासाभराच्या त्याच मिस्सेत येशू म्हणतो, दान देताना कर्णा वाजवू नकोस. दोन्ही कर्णे एकाच सकाळी, आणि ते ऐकून झालं की कपाळावर राख लावून आपण सगळ्यांच्या देखत ऑफिसला निघतो! हे अवघडलेपण ज्यांनी वाचनं लावली त्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही. देणगीची पाटी लावणं वेगळं आणि चार माणसांत बसून चुकलेल्या वाटेबद्दल बोलणं वेगळं. मी दुसरं करते, निदान प्रयत्न तरी तोच असतो.

दुसरा आक्षेप मात्र असा सहज सोडणार नाही. तुम्ही म्हणता, मी मला हवं तेवढंच उचलते. काका, उचलायची सोय आहेच कुठे? रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरतात, पण प्रायश्चित्तकाळातली वारांची वाचनं दरवर्षी तीच असतात. पहिल्या आठवड्याच्या सोमवारी मत्तयाचा पंचविसावा अध्याय, 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं', हे तर परिषदेच्या आधीच्या लॅटिन मिस्सेतही त्याच सोमवारी होतं. म्हणजे तुमच्या लहानपणीही.

आता त्याच्याआधी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचतात. 'पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव पवित्र आहे', अशी सुरुवात. आपल्याला वाटतं, आता सोवळ्याओवळ्याचं काही येणार, अर्पणांचं येणार. येतं काय? चोरी करू नका. खोटं बोलू नका. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पवित्र म्हणजे काय याचं देवाने दिलेलं उत्तर हे आहे, आणि त्यात मजुरी मी घुसडलेली नाही.

आमच्या मागच्या गल्लीत इमारतीचं काम चालू आहे. शनिवारी संध्याकाळी मुकादम सिमेंटच्या गोण्यांवर वही ठेवून पैसे वाटतो. ती मजुरी नसते, ती खर्ची. आठवडाभराच्या हजेऱ्यांपैकी दोन-तीन हजेऱ्यांचे पैसे हातात, बाकीचे 'जमा'. कारण सगळे दिले तर सोमवारी माणूस दुसऱ्या साइटवर जाईल. एक बाई वहीत आपल्या ओळीवर बोट ठेवून रेघा मोजत होती. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण रेघा येत होत्या. ती तीनदा मोजून थांबली, काही बोलली नाही, हातातले पैसे पदरात बांधले. लेवीय एका रात्रीची मुदतसुद्धा देत नाही, इथे हिशोब स्लॅब पडेपर्यंत लांबतो. त्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांत आपल्या चर्चमधली घरंही आहेत. मग हे 'बाहेरचं' कसं?

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. उपवास करता आणि त्याच दिवशी आपल्या कामगारांना पिळता. मला हवा तो उपवास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणं, असं देव तिथे स्वच्छ सांगतो. आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात हे जोखड परकं नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या शेतावर राबत राहायची, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा आला तो १९७६ साली, म्हणजे तुमच्या ऐन तरुणपणी. तरी वीटभट्टीवरची उचल, म्हणजे आगाऊ पैसे देऊन मजुराला बांधून ठेवणं, अजून आहेच. (शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून बाजारातलं सगळ्यात मोठं पापलेट घरी आणणाऱ्यांना यशया काय म्हणाला असता, ते लिहायचं टाळते. पापलेट आमच्याकडेही आवडतं.)

आत्मपरीक्षण मनात करायचं, हे मला पूर्ण मान्य. पण तिथे दिसतं काय? आज दुसऱ्या आठवड्याचा गुरुवार, म्हणजे येशूने सांगितलेली, श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारात पडलेला भिकारी लाजर यांची गोष्ट. श्रीमंताने लाजरला मारलं नाही, दारातून हाकललंही नाही, हे आपण दरवर्षी ऐकतो. आज माझं लक्ष गेलं ते पुढच्या संभाषणाकडे. मेल्यावर, आगीत होरपळतानाही तो लाजरशी एक अक्षर बोलत नाही. बोलतो मूळपुरुष अब्राहामाशी, ज्याच्याजवळ आता लाजर आहे. लाजरला पाठवा, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. ते जमत नाही म्हटल्यावर, बरं मग त्याला माझ्या भावांकडे धाडा. म्हणजे नाव ठाऊक होतं! दारात कोण पडलाय ते ठाऊक होतं. आणि नरकात पोचल्यावरही तो लाजरला निरोप्याच समजतोय. हे पाप मनातलं की बाहेरचं, ते तुम्हीच ठरवा. मला तरी वेगळं काढता आलं नाही.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. शास्त्र हातात आलं की ते दुसऱ्याच्या पाठीवर हाणायचा मोह होतो, आणि लिहिणाऱ्याला तर जास्तच. त्यावर मला ठाऊक असलेला उपाय एकच, क्रम मोडायचा नाही. आवडलेलं वाचन तेवढं घ्यायचं आणि अंगावर येणारं गाळायचं, असं करायचं नाही. पुढच्या आठवड्याच्या शनिवारी परुशी (कर्मठ धर्मनिष्ठ) आणि जकातदार यांची गोष्ट आहे. 'देवा, मी इतर लोकांसारखा नाही', म्हणणारा तो परुशी माझ्यासारख्या रोज लिहिणाऱ्यांच्याच वाट्याला ठेवलाय, असं समजून मी बसणार आहे.

शेवटी तुम्ही टोमणा मारलाय, 'सोमवारी नामान आहे, त्यात कुठून आणणार मजूर?' नामान म्हणजे कोड झालेला अरामचा सेनापती. त्याच्या गोष्टीत मजूर आणावा लागणार नाही. लढाईत धरून आणलेली इस्राएलची एक पोर, नामानच्या बायकोची मोलकरीण, तीच आधी सांगते की शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो धन्याला बरं करील. मग राजा राजाला पत्र लिहितो, चांदी-सोनं निघतं, इस्राएलचा राजा घाबरून कपडे फाडतो. एवढ्या गलबल्यात कामाचं वाक्य बोलली ती पोर, आणि तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पुढे यार्देन नदीत सात बुड्या मारायला सांगितल्या म्हणून सेनापती संतापून परत निघतो, तेव्हा त्याची समजूत घालतात तेही नोकरच.

सोमवारी यावरच लिहिणार आहे. चौथा आक्षेप तयार ठेवा.