बत्तीस पानांत दर्यावर्दी कसा बसवावा

मुलांसाठी थोर शोधयात्रींची चित्रमय चरित्रं लिहायचीत? मग अभ्यासबिभ्यास करत बसू नका. त्यावाचून काम झकास होतं, हे परवा हाती आलेल्या एका गुळगुळीत पुस्तकाने सिद्धच केलंय.

पानं बत्तीस, म्हणजे सोळा-सोळाचे दोन फर्मे. नाव, हक्क, अर्पण यांत तीन-चार गेली की तेरा-चौदा जोडपानं उरतात. पहिल्यावर छोटा कोलंबस किनाऱ्यावर, नजर क्षितिजाकडे. बाप विणकर होता, पण चित्रात हातमाग रेखाटायला कंटाळा येतो.

दुसऱ्यावर ‘तेव्हा सगळ्यांना पृथ्वी सपाट वाटायची’ हे वाक्य हवंच. इराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तिचा परीघ मोजला होता, हे विसरा. पंडितांचा कोलंबसशी वाद आशियापर्यंतच्या अंतराबद्दल होता आणि बरोबर तेच होते, हेही विसरा. कोलंबसने पृथ्वी फारच लहान धरली होती. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून वाचला.

कोलंबसच्या हातात दुर्बीण द्या. तो १५०६ साली वारला आणि दुर्बीण १६०८च्या सुमारास आली, म्हणून काय झालं?

नायकाचं नाक बरोबर मधल्या शिवणीत जाऊ द्या.

खांद्यावर पोपट.

मॅगेलनला ‘पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस’ म्हणा. १५२१ साली तो मॅक्टन बेटावर मारला गेला, पुढच्या वर्षी त्याच्याच ताफ्यातल्या एल्कानोसह अठरा जण परतले. पण मुखपृष्ठावर एकच चेहरा मावतो.

अमुंडसेनची कुत्री गोंडस काढा. दक्षिण ध्रुवाकडे बावन्न निघाली, परत आली अकरा. बाकीच्यांचं काय झालं, ते पोरांनी विचारलंच तर पान उलटा.

आता वास्को द गामा. ‘त्याने भारताचा सागरी मार्ग शोधला’, एवढं लिहून मोकळे व्हा. आफ्रिकेला वळसा घातला, ते कबूल. पण पुढचा अरबी समुद्र काय कोरा होता? शतकानुशतकं व्यापारी वाऱ्याच्या वेळा पाळून तो ओलांडत होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला त्याला वाटाड्या मिळाला, म्हणून १४९८च्या मे महिन्यात सुमारे तेवीस दिवसांत तो कालिकतच्या किनाऱ्याला लागला. परतताना ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. परतीला लागणारा ईशान्येचा वारा अजून धरला नव्हता. त्याच समुद्राला जवळजवळ तीन महिने लागले. ताजी भाजी नाही, फळं नाहीत. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, माणसं पटापट मेली. शेवटी तीन जहाजं हाकायला माणसं पुरेनात, म्हणून एक जाळून टाकलं! तेवीस दिवस आणि तीन महिने, याहून चांगली गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे? आणि तुम्ही त्या जोडपानावर काय छापता? हसणारा सूर्य आणि डॉल्फिन!

मुलांना झेपणार नाही म्हणे. अहो, डझनभर डायनोसॉरांची नावं घडाघडा म्हणणाऱ्या पोराला वारा झेपत नाही? एक नकाशा, त्यावर दोन बाण: पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. चित्रकाराला एका दुपारचं काम. वाटाड्याला चेहरा द्यायलाही तेवढाच वेळ लागतो. जागा नव्हती, हे सांगू नका. पोपटाला अख्खं पान दिलंयत. हा सरळसरळ आळस आहे, आणि तो तुम्ही खोडून काढता न येणाऱ्या वयाच्या वाचकाला विकताय. पुढच्या आवृत्तीत आधी ती दुर्बीण पुसा.