आधी हात, मग कागद

अमेरिकेला निघालेल्यांसाठीचा तोच व्हिडिओ आज पुन्हा तीन ग्रुपांवर आला. 'पोलिसांनी गाडी थांबवली तर लगेच उतरून नम्रपणे त्यांच्याकडे जा.' ऐकून डोकंच फिरलं. कृपा करून हे पुढे पाठवू नका! तिथे गाडीतून उतरून आपल्याकडे चालत येणारा माणूस पोलिसाला नम्र वाटत नाही, अंगावर येतोय असं वाटतं.

अलाबामातल्या मॅडिसनचे आजोबा आठवतात? फेब्रुवारी 2015. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले, 57 वर्षांचे, मुलाच्या घराजवळ फिरायला निघाले होते. कुणीतरी 'संशयित माणूस' म्हणून फोन केला. इंग्रजी येत नाही एवढंच ते सांगू शकले. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला इजा झाली, अंग लुळं पडलं.

गाडीत असाल तर नीट लक्षात ठेवा. मागे लाल-निळे दिवे दिसले की उजवा सिग्नल द्या आणि उजव्या कडेला थांबा. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा चालू. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि तसेच बसून राहा. घोळ होतो तो पुढच्या अर्ध्या मिनिटात. पोलीस यायच्या आत कागद काढून ठेवू म्हणून आपण वाकतो. भाड्याच्या गाडीचा करार ग्लव्ह बॉक्समध्ये, पासपोर्ट मागच्या सीटवरच्या बॅगेत. मागून येणाऱ्या पोलिसाला मात्र फक्त खाली गेलेला खांदा दिसतो, बंदूक काढतोय असं वाटतं. त्याने मागितल्यावर कागद कुठे आहे ते आधी तोंडाने सांगा, त्याचं 'ओके' ऐका, मग सावकाश हात न्या. उतर म्हणाला तर उतरा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या निकालाने त्याला तो अधिकार आहे. दंडासाठी नोटा पुढे करू नका, लाच समजतील.

हो, बंदुकांची भीती खोटी नाही. 2023 मध्ये तिथे 46 हजारांहून जास्त माणसं गोळीने गेली. त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, हे मात्र कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं.

आणि कुणी म्हणेल, पोलिसांचं ऐकलं की काही होत नाही. आजोबांनी काय ऐकलं नव्हतं? भाषाच कळत नव्हती त्यांना! गव्हर्नरने भारताची माफी मागितली, पण खटल्यात ज्यूरींचं दोनदा एकमत झालं नाही आणि 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. चूक आजोबांची नव्हतीच. तरीही आपल्या माणसांना तयार करूनच पाठवायला हवं, याचंच वाईट वाटतं.

म्हणून आई-बाबांना विमानात बसवण्याआधी दोन वाक्यं पाठ करून घ्या: 'नो इंग्लिश', 'कॉल माय सन'. ती म्हणताना हात रिकामे, छातीसमोर, बोटं पसरलेली. हातवारे नकोत, मागे वळणं नको. घरी उभं करून चार वेळा करून घ्या, हसले तरी. मुलाचा पत्ता, फोन आणि 'मला फक्त मराठी येतं' हे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून कार्ड गळ्यात घाला, स्वेटरच्या वर. खिशात नको. खिशात हात घालायचाच नाहीये.