पास आहे का एखादा?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती जुंपली होती. निमित्त काय, तर ख्याल गाणाऱ्या एका तरुण गायिकेने दागिन्यांच्या जाहिरातीसाठी गायलेली पंधरा सेकंदांची तान. मिरजेहून मामांचा निकाल पाच मिनिटांत आला : "संपली. बाजारू झाली." पुण्याच्या मावसबहिणीने विचारलं की मग तिने घर कशावर चालवायचं. मामांचं उत्तर : "साधना करणाऱ्याला देव कमी पडू देत नाही." त्यावर कुणीतरी हात जोडल्याची चिन्हं टाकली आणि मी फोन उलटा ठेवला.

मामांना हसण्यात अर्थ नाही. गाणं त्यांना कळतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत जी संगीतसभा होते, ती ऐकायला ते मला लहानपणी घेऊन जायचे. चिंचेच्या झाडाखाली गाणं चालायचं आणि मी सतरंजीवर त्यांच्या मांडीला टेकून झोपायचो. तिथे कलाकार बिदागी घेत नाहीत, हजेरी लावतात. गाणं म्हणजे हजेरी, हे मामांच्या मनात तिथेच पक्कं झालं असणार. माझ्याही झालं होतं. पुढे नोकरीने मला जर्मनीतल्या लाइपझिगला आणून टाकलं आणि अकरा वर्षांत त्या समजुतीला बरेच तडे गेले.

लाइपझिग हे संगीतकार बाखचं गाव. १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत तो इथे थॉमस चर्चचा कांटोर होता. मुलांना शिकवायचं, चर्चसाठी सतत नवं संगीत द्यायचं आणि वर शहराच्या कौन्सिलची बोलणी खायची, असं ते पद. १७३० साली त्याने एका जुन्या मित्राला लिहिलेलं पत्र टिकून आहे. त्यात तक्रार अशी, की पगार थोडका, बाकी सगळी वरकमाई. गावात मयतं जास्त झाली की ती वाढते, हवा निरोगी पडली की घटते, आणि आदल्या वर्षी अंत्यविधीच्या मिळकतीत शंभरावर थालरची खोट आली. थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. एवढा मोठा माणूस आणि मयतांचा हिशेब करतो?

तो कॉफीहाउसमध्येही वाजवायचा. झिमरमान नावाच्या माणसाच्या दुकानात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घेऊन त्याचे कार्यक्रम व्हायचे. आणि याच बाखने कॉफीच्या नादावर एक विनोदी कॅन्टाटा, म्हणजे वाद्यवृंदासह गायची रचना, केला आहे. ज्याच्या दुकानात कार्यक्रम, त्याच्याच मालाचं गाणं! मामांच्या कसोटीवर बाखसुद्धा नापास.

इथल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची गोष्टही तशीच. १७४३ साली गावातल्या सोळा जणांनी, त्यात बरेचसे व्यापारी, पैसे घातले आणि सोळा वादक उभे केले. १७८१ मध्ये कार्यक्रम कापडवाल्यांच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आले. गेवांडहाउस या शब्दाचा अर्थच मुळी कापडवाल्यांचं घर. आज जगभर ज्याचं नाव आदराने घेतात त्या वाद्यवृंदाच्या नावातच बाजारपेठ आहे, आणि त्याची इथे कुणालाही लाज वाटत नाही.

आपल्याकडे काय वेगळं होतं? 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं ते नाटक मंडळीचं नाटक म्हणून, आणि मंडळी चालायची तिकिटावर. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. तीन घराण्यांची तालीम घेतलेला गवई, आणि चाली कशासाठी बांधतो, तर गल्ला भरावा लागणाऱ्या कंपनीसाठी, वन्समोअर मागणाऱ्या पिटातल्या प्रेक्षकांसाठी. ती पदं लागली की मामा डोळे मिटतात. ते संगीत एके काळी धंद्याचा भाग होतं, हे त्यांना माहीत आहे. फक्त मध्ये शंभर वर्षं गेली की धंद्याची परंपरा होते.

राजाश्रय होता तेव्हा सगळं शुद्ध होतं, असंही ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. लिहिणारा मिरजेचा, म्हणून जास्त नवल वाटलं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, संस्थानिकांच्या आश्रयाने. एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं गेलं, पण बुवांना गेलं नाही, कारण ते पडले गवई. शिष्याला हे लागलं, अशी हकिकत सांगतात. १८९६ मध्ये पलुस्कर मिरज सोडून निघाले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर. म्हणजे गवयाला मान मिळावा म्हणून त्यांनी संस्थानिकाचा हात सोडून तिकीट धरलं. पुढे याच वाटेवर ते कर्जातही बुडाले, ते वेगळं.

तर बाजार काही बाहेरून घुसलेला नाही. मग मामांच्या चिडण्यात तथ्य नाहीच का? आहे. पण ते चिडतात भलत्या माणसावर.

खाँसाहेबांचंच घ्या. मूळच्या बर्लिनच्या ओडियन कंपनीच्या तबकड्यांवर १९३०च्या दशकात त्यांचं गाणं उतरलं. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रात्र रात्र गाणाऱ्या माणसाला तीन मिनिटं! यापेक्षा मोठा धंदेवाईक दबाव कोणता? तरी त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी आज ऐकताना काही कापल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते त्याचं कारण असं, की त्या तबकडीच्या बाहेर रात्रभराची मैफल शाबूत होती. तबकडी ही खिडकी होती, घर दुसरीकडे होतं. आजच्या मुलीपुढे नुसती खिडकीच आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. एकतिसाव्या सेकंदाला बंद केलं काय आणि चाळीस मिनिटं बसून ऐकलं काय, मोजणी एकच. किराणा घराण्याच्या अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालाचं एक आवर्तनसुद्धा तीस सेकंदांत पुरं होत नाही. आणि २०२४ पासून वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. हिशेबाची ही पद्धत बडा ख्याल डोळ्यांसमोर ठेवून कुणी केलेली नाही. अशा ठिकाणी ती मुलगी पंधरा सेकंदांची तान घेते, तिला वर्षभराचं भाडं मिळतं, आणि आपण तिची निष्ठा तपासतो.

माझ्या वरच्या मजल्यावर एक चेलोवादक बाई राहतात. शनिवारी लग्नात वाजवतात, डिसेंबरात ख्रिसमसच्या बाजारात, मधूनच एखाद्या सिनेसंगीताच्या संध्याकाळी. आणि वर्षातून दोन-तीनदा कुणा जिवंत संगीतकाराची अशी काही रचना, जी ऐकायला मोजून वीस माणसं येतात, त्यातला एक मी. त्यांना मी एकदा विचारलं, की लग्नात वाजवताना कमीपणा नाही वाटत? त्यांना प्रश्नच कळला नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "लग्नातल्या वादनाचं बिलही मीच लावलं, आणि तू ऐकलंस ते वादनही मीच केलं."

हे धैर्य त्यांच्या स्वभावात आहेच, पण त्याच्या पायाखाली एक भक्कम जमीनही आहे. जर्मनीत १९८३ पासून कलावंतांसाठी वेगळी सामाजिक विमा योजना आहे. नोकरदाराच्या आरोग्यविम्याचा आणि पेन्शनचा साधारण अर्धा भार त्याचा मालक उचलतो. स्वतंत्र कलावंताला मालकच नसतो. म्हणून अर्धा हप्ता कलावंत भरतो आणि उरलेला अर्धा दोघांत वाटला जातो : वीस टक्के केंद्र सरकार, तीस टक्के त्या कंपन्या ज्या कलावंतांकडून काम करून घेतात. जाहिरात कंपनीने गायिकेला मानधन दिलं की त्यावर काही टक्के, २०२५ साली पाच, या योजनेत जमा करायचे. म्हणजे ती दागिन्यांची जाहिरात इथे झाली असती, तर तिच्या मानधनावरचा एक वाटा कायद्याने चेलोवाल्या बाईंच्या दवाखान्याच्याही कामी आला असता. मला हे फार आवडतं. बाजाराला शिव्या न देता त्याच्याकडून वसुली करायची.

आता इथे सगळं गोड आहे असं मामांना सांगायला गेलो तर ते खोटं होईल. डिसेंबर २०२४ मध्ये बर्लिनने पुढच्या वर्षाच्या सांस्कृतिक खर्चाला सुमारे तेरा कोटी युरोंची कात्री लावली. सरकार जे देतं ते सरकार काढूनही घेतं, आणि काढून घेताना गाणं कसं आहे हे बघत नाही. अनुदानाच्या अर्जाची भाषा हा तर वेगळाच प्रकार. एका तबलजी मित्राला असा अर्ज भरून देताना मीच त्याच्या रूपक तालाला 'आंतरसांस्कृतिक संवादाचं व्यासपीठ' करून टाकलं. बिल्डरच्या मर्जीसाठी वाकणं आणि समितीच्या मर्जीसाठी वाकणं, पाठीला काही फरक कळत नाही. शिवाय जर्मनांनी संगीताचे दोन वर्णही करून ठेवलेत : ए-मुझीक म्हणजे गंभीर, ऊ-मुझीक म्हणजे करमणुकीचं. रॉयल्टी वाटणाऱ्या त्यांच्या संस्थेत गंभीर संगीताला झुकतं माप मिळत आलं आहे आणि त्यावर हल्ली बरीच भांडणं आहेत. ख्याल यात कुठे बसतो? बहुतेक वेळा कुठेच नाही. त्याची पाटी तिसरी, 'वर्ल्ड म्युझिक', आणि तो योगवर्गाच्या शेजारच्या खोलीत.

तरीही एक फरक मला ठळक दिसतो. इथे भांडण पैशाच्या वाटपावर होतं, आपल्याकडे ते माणसाच्या चारित्र्यावर जातं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं म्हणणं होतं की गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. प्रश्न रोकडा होता : गाणं पुढे पन्नास वर्षं कमावणार, त्यात गाणाऱ्याचा हिस्सा किती? पण लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकली ती अशी, की रफीसाहेब देवमाणूस आणि बाई हिशेबी. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला कायमचा लिहून घेता येणार नाही असं ठरलं. तो हिशेबीपणाच होता. फार उशिरा केलेला.

आणि आता मामांकडे परत. माझ्या आठवणीत मामांनी गाण्याचं तिकीट एकदाही काढलेलं नाही. दर्ग्यात लागत नाही. दिवाळी पहाटेला पास असतो, पतपेढीच्या ओळखीतून. पहाटे सहाला गायिका ललत सुरू करते, मागे बिल्डरचा वीस फुटी फ्लेक्स, सूर लागतोय तोवर नगरसेवकांचं आगमन, शाल, श्रीफळ, दोन शब्द. मामा चिडतात. चिडायचा हक्क कसा, हे मला विचारायचं असतं. ती शाल आणि तो फ्लेक्स म्हणजे मामांचं न काढलेलं तिकीट. कार्यक्रमाची बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पास आहे का एखादा?" दर्ग्यातल्या हजेरीचा नियम त्यांनी गावभर लावून टाकला. कलाकार तिथे वर्षातून एक रात्र फुकट गातो, कारण उरलेल्या रात्री कुणीतरी पैसे देईल असा त्याचा भरवसा असतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. धीर झाला नाही, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मंडळाने एका गायकाला बोलावलं होतं. युरोपच्या दौऱ्यावर होते, दोन गावांच्या मधला दिवस मोकळा, म्हणून आम्हाला परवडले. ठरवण्याचा फोन मी केला. पूरिया धनाश्री मांडतो म्हणाले. मी म्हणालो, "बुवा, मुलंबाळं असतात, ख्याल वीस मिनिटांत आटपला तर बरं. मग दोन नाट्यपदं, एक अभंग, शेवटी काही हलकंफुलकं." पलीकडे क्षणभर शांतता, मग, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." कार्यक्रमाला सगळे खूश. मीही टाळ्या वाजवल्या. निघताना स्टेशनवर ते सहज म्हणाले, "ललित कला सगळ्या वीस मिनिटांच्याच झाल्यात आता," आणि हसले. मी त्यांची बॅग डब्यात चढवून दिली.

येत्या नोव्हेंबरात पुन्हा एक गायिका येणार आहेत. परवा समितीत मी म्हटलं की तिकीट पंचवीस युरो ठेवू, मुलांनाही ठेवू, आणि काय गायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पंचवीस ऐकून दोघांनी खुर्च्या सरकवल्या. या गावात दर आठवड्याला बाखच्या चर्चमध्ये मुलांचा वृंद दोन-तीन युरोंच्या कार्यक्रमपत्रिकेवर ऐकायला मिळतो, हे त्यांतल्या एकाने मला ऐकवलं, आणि ते खरं आहे. शेवटी अठरावर तडजोड झाली. काल गायिकेचा निरोप आला : वेळ किती? मी लिहिलं, वेळेची अट नाही. मग आठवलं, हॉल रात्री दहाला रिकामा करून द्यायचा असतो. तेही लिहिलं.