पुन्हा महागडा क्लोजर!

हिवाळा आला की आमच्या डॉजर्सवाल्यांना, म्हणजे लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाला, काय होतं कळत नाही. दिसला महागडा क्लोजर (शेवटी येऊन आघाडी टिकवणारा पिचर) की उचल! जानेवारी 2025 मध्ये टॅनर स्कॉटला चार वर्षांचे 7.2 कोटी डॉलर मोजले. पठ्ठ्याने हंगामात दहा वेळा हातातली आघाडी घालवली. शेवटी वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, सातवी मॅच संपवली कोणी? आदल्याच रात्री सहा इनिंग टाकलेल्या यामामोटोने. स्टार्टरने, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरने! त्याआधी प्लेऑफमध्ये मॅच संपवायला यायचा सासाकी, तोही मूळचा स्टार्टरच. आणि यातून शिकलो काय? डिसेंबरात एडविन डियाझला तीन वर्षांचे 6.9 कोटी. अहो, रिलीव्हरचा (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरचा) काय भरवसा? यंदा सोनं, पुढच्या वर्षी माती. मायनर लीगमधल्या (खालच्या पातळीवरच्या संघांतल्या) आपल्या पोरांना बॉल द्या की कधीतरी! डियाझ भारी आहे, मान्य. स्कॉटही भारीच होता.