मध्यम बारीक

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची, आणि आम्ही तिथले शेवटच्यातले फिटर. कंपनीने शटर ओढलं तेव्हा म्हटलं आता नोकरी बास, स्वतःचा धंदा, तोही सोसायटीच्या उपयोगाचा.

घोडबंदर रोडला आमच्या टॉवरांखाली केक मिळतो, पिझ्झा मिळतो, कुत्र्याचे केस कापून मिळतात, पण दळण टाकायचं म्हटलं तर गिरणी नाही. मग गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याचा अर्धा गाळा भाड्याने घेतला, एक एचपीची घरघंटी बसवली. उद्यम नोंदणी आधार नंबर टाकून घरबसल्या झाली, तीही फुकट. सरकारी काम इतकं सोपं झालं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आयुष्यभर मी मायक्रॉनमध्ये मापं घेतली. मशीनबरोबर सहा जाळ्या आलेल्या, बारीकपासून भरड्यापर्यंत, प्रत्येकीवर नंबर, म्हणजे माझ्यासाठी स्वर्गच. पहिल्याच दिवशी विचारलं, गहू कसे दळू?

"नेहमीसारखे."

"अहो वहिनी, आजच उघडलंय."

"मध्यम बारीक हो! एकदम बारीक नको, पण भरडही नको, आमच्या ह्यांना चालत नाही."

ह्या ड्रॉइंगवर मी मशीन चालवतोय गेले आठ महिने.

डब्यांची तऱ्हा वेगळीच. सगळे स्टीलचे, सारखेच, आणि नाव मात्र कोरलेलं. आता नाव आहे म्हटल्यावर मी निर्धास्त. एका डब्यावर 'कमलआत्याकडून भेट', मी वॉचमनला घेऊन दोन विंग पालथ्या घातल्या, कमलआत्या कुठे राहतात म्हणून. डबा निघाला सातव्या मजल्यावरच्या आयटीवाल्या मुलीचा, तिच्या आईच्या लग्नातला.

गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी आंबेमोहोर आला, धुऊन सावलीत वाळवलेला म्हणे. अर्धवट ओला होता, जाळीला खळ लागली. दिवाळीला चकलीची भाजणी, ती गरम गरम कढईतून थेट माझ्याकडे, आणि पीठ चिकट झालं की दोष कोणाचा, तर मशीनचा. पैसे मागितले की सगळे आपलेच असतात. किलोला १० रुपये सांगितले तर एक काका म्हणाले, अहो लाइट तर तुम्ही तशीही लावलेलीच असते ना.

पण खरा प्रकार झाला आषाढीला. आदल्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची उपासाची भाजणी आली, साबुदाणा, वरी, राजगिरा, सगळं निगुतीने भाजलेलं. मी मशीन ब्रशने साफ केलं, फडकं मारलं, पण त्याआधी बाजरी दळलेली, ती कुठेतरी कोपऱ्यात बसली असणार. सकाळी थालीपीठ थापताना पिठात हिरवट झाक दिसली म्हणून आजींनी चष्मा लावला, चष्म्यावर भिंग धरलं, आणि मला वर बोलावलं. आमच्याकडे क्वालिटीला सुद्धा इतकं इन्स्पेक्शन नव्हतं.

"तुझ्यामुळे दिवसभर उपाशी राहायची वेळ आली बघ माझ्यावर."

मी चाचरत म्हटलं, "आजी, पण आज एकादशीच आहे ना?"

"उपास वेगळा आणि उपाशी वेगळं रे बाळा," असं म्हणून त्यांनी तो सगळा डबा माझ्या हातात ठेवला, "हे घेऊन जा घरी, तुम्हाला चालतं सगळं. आणि द्वादशीचे गहू खाली ठेवलेत, जरा बारीक काढ."

"जरा म्हणजे किती?"

"नेहमीसारखे."