कपाळावरची बॅटरी

लडाखमधल्या हानलेच्या ऐन अंधारात, शून्याखालच्या थंडीत, अख्खा ग्रुप माझ्यावर खेकसला, "अहो, लाईट बंद करा!" बॅटरी माझी नव्हती. तेच सांगायला तोंड उघडलं, पण 4,300 मीटरवर दम कुठे पुरतो? वाक्य निम्म्यात अडकलं आणि लोकांनी तोंडं फिरवली.

टूरवाल्याने 'वेधशाळेत मुक्काम' म्हणून पैसे घेतले होते. वेधशाळा वर डोंगरावर, मुक्काम खाली गावात. वरच्या 2 मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही, तिथे कॅमेरा. ती चालवतात उपग्रहामार्फत, बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून. म्हणजे ज्यांचं काम आहे ते सपाटीवर इडली खाऊन बसणार आणि ज्याचं काही अडलेलं नाही तो मी इथे दोन कानटोप्यांत कुडकुडणार.

2022 साली हा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखून ठेवलेला भाग, झाला. गावातल्या मुलामुलींना दुर्बिणी दिल्या, शिकवलं. आता तीच पाहुण्यांना आकाश दाखवतात. मुख्य नियम एवढाच, की पांढरा उजेड नको. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, बिघडायला एक झगझगाट पुरतो.

आणि आमच्यात ठाण्याचे काका होते. कपाळाला पट्ट्याने बॅटरी बांधलेली. माणूस सभ्य. कुणी बोललं की पूर्ण वळून, त्याच्याकडे बघूनच उत्तर देणार.

"अंकल, लाईट," आकाश दाखवणारी गावातली मुलगी म्हणाली.

काका तिच्याकडे वळले. "मला म्हणालीस का, बाळ?"

ती डोळे झाकून उभी. मागून कुणी "काका, बॅटरी!" म्हणालं, की काका तिकडे. असं एकेकाला आंधळं करून झालं.

मग तिने देवयानी दीर्घिका दाखवली. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, म्हणाली.

"म्हणजे आत्ताचं नाही हे?"

"नहीं अंकल, पुराना है."

काका माझ्याकडे वळले. अर्थात बॅटरीसकट. "बघा! शिळा माल दाखवतात. पैसे मात्र ताज्याचे."

आता लेहहून 270 किलोमीटर हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाने यावर हसावं, की त्यांना तिथेच सोडून यावं? मी हसलो. तेवढ्यात त्यांचा शनीचा नंबर लागला. बॅटरी दुर्बिणीला अडायला लागली, म्हणून त्यांनी ती काढली आणि "जरा धरा हो" म्हणत पेटलेलीच माझ्या हातात कोंबली. दोन जोड हातमोज्यांतून बटण सापडेना. पुढचं वर सांगितलंच.

सगळे पुन्हा अर्धा तास डोळे सरावत बसले. कुणी माझ्याशी बोललं नाही. काकांचा शनी बघून झाला होता, ते झोपायला गेले. माझा नंबर आला तेव्हा ढग.

सकाळी नाश्त्याला काका शेजारी येऊन बसले. लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि आवाज खाली आणून, अगदी समजुतीने म्हणाले, "काल तुमच्यामुळे लोकांचा फार खोळंबा झाला हो."